सलूनच्या खुर्चीतून समुपदेशकाकडे

कपाळावरच्या केसांची रेघ ट्रिमरने आखली जात असताना मान हलवून चालत नाही. मागे दोघे-तिघे आपल्या पाळीची वाट पाहत आहेत आणि खुर्चीतला मुलगा समोरच्या आरशात बघत, घरी कधी न काढलेला विषय हळूहळू काढतो आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये सलून ही पिढ्यान्‌पिढ्या मोकळेपणाने बोलण्याची जागा राहिली आहे. नेहमी त्याच खुर्चीत येऊन बसणाऱ्या मुलाची झोप उडाली आहे, त्याचे बोलणे तुटक झाले आहे, हे केस कापणाऱ्याच्या लवकर लक्षात येते.

हेच ओळखून लोरेन्झो लुईस यांनी २०१६ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ हे काम सुरू केले. लुईस यांचा जन्म आई कैदेत असताना झाला होता. त्यांच्या प्रशिक्षणात केशकर्तनकारांना समोरच्याचे पूर्ण ऐकून घेणे, त्याचे दुःख खोडून न काढणे, धीर देणारे बोलणे आणि मानसिक आजाराभोवतीची लाज दूर करणे शिकवले जाते. केस कापणारा उपचार करत नाही. गरज दिसली, तर तो मुलाला तज्ज्ञाकडे जाण्याचे सुचवतो.

हा पुढचा टप्पा अवघड आहे, कारण डॉक्टरांवरचा विश्वास फार पूर्वीच तुटला आहे. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने, गुलाम पळून जातात तो ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा मनोविकार आहे असे लिहिले आणि त्यावर चाबूक सुचवला. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना, त्यावर पेनिसिलिन हे औषध उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांवाचून ठेवले. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या क्षेत्रातील वंशभेदाबद्दल माफी मागितली, ती थेट जानेवारी २०२१ मध्ये. म्हणूनच ‘ही मुले मदतच घेत नाहीत’ असे म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. विश्वास मिळवण्याची जबाबदारी आधी तज्ज्ञांची आहे.

ती निभावता येते, याचा एक जुना दाखला आहे. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांनी लेखक रिचर्ड राइट यांच्या साहाय्याने लाफार्ग क्लिनिक सुरू केले. तेथे गोरे आणि कृष्णवर्णीय तज्ज्ञ विनावेतन एकत्र काम करत आणि फी होती २५ सेंट. वस्तीतल्याच चर्चच्या जिन्याने खाली उतरायचे असल्यामुळे लोकांना तेथे जाणे परके वाटले नाही.

अशा मदतीची गरज लहान वयातही आहे: ५ ते १२ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांमधील आत्महत्येचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

आता सलूनच्या बाकावर त्या खुर्चीतल्या मुलाशेजारी एक समुपदेशक बाई येऊन बसल्या आहेत, अशी कल्पना करा. त्याला काय होते आहे हे विचारण्याआधी त्या त्याला नियम सांगत आहेत: तू बोलशील ते आपल्यातच राहील; मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर मला ते इतरांना सांगावे लागेल, आणि तसे करण्याआधी शक्यतो मी तुझ्याशीच बोलेन.