ट्रायने विचारलं एक, उत्तर आलं भलतंच

श्रोतेहो, नमस्कार.

डेटा पॅकमधला एक जीबी तुम्ही हवामानाच्या अंदाजावर घालवा, कीर्तनावर घालवा, नाहीतर दुबईतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर, दर एकच. आपल्या यादीतलं संकेतस्थळ स्वस्त, यादीबाहेरचं महाग, असं मोबाइल कंपनीला करता येत नाही. ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियामक संस्थेचा, हा नियम 8 फेब्रुवारी 2016 चा. मोडला तर दिवसाला 50 हजार दंड, जास्तीत जास्त 50 लाख. पण हा नियम आला कसा, तो किस्सा ऐकाच.

फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीने एक फुकट सेवा आणली. पुढे तिचं नाव झालं फ्री बेसिक्स. रिलायन्सचं सिम घाला आणि ठरावीक संकेतस्थळं बिनपैशात बघा. ठरावीक, हं! यादीत शिरायच्या अटी फेसबुकच्या: व्हिडिओ नको, जड फोटो नकोत, इंटरनेटवरून फोन नको. वर डेटाची सगळी ये-जा फेसबुकच्याच सर्व्हरमधून.

9 डिसेंबरला ट्रायने लोकांची मतं मागवणारं चर्चापत्र काढलं. प्रश्न चारच. वेगवेगळ्या संकेतस्थळांना डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का? दिले तर भेदभाव कसा रोखायचा? लोकांना फुकट इंटरनेट द्यायच्या दुसऱ्या वाटा कोणत्या? आणि, आणखी काही सांगायचंय?

आता फेसबुकची धावपळ बघा. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. खुद्द झुकेरबर्ग यांचा लेख, त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी: फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो. (यादीबाहेरच्या बाजार समितीचा भाव बघायचा तर त्याच शेतकऱ्याला पॅक मारावं लागलं असतं, ते राहू द्या.) आणि फेसबुक उघडलं की समोर तयार मेल: माझा फ्री बेसिक्सला पाठिंबा आहे. बटण दाबलं की मेल थेट ट्रायकडे.

लाखो मेल गेल्या. ट्रायने उघडून बघितल्या, तर प्रश्न चार आणि उत्तर एकाचंही नाही! फ्री बेसिक्स हवं का, असं ट्रायने विचारलंच नव्हतं. ट्रायने फेसबुकला कळवलं, या लोकांपर्यंत आमचे चार प्रश्न पोचवा. पत्रापत्री झाली, आणि जानेवारीत ट्रायने कडक शब्दांत सुनावलं की तुम्ही या सल्लामसलतीला घडवून आणलेल्या मतचाचणीचं रूप देताय. फेब्रुवारीत नियम आला आणि त्याच आठवड्यात फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला.

खरं सांगायचं तर एप्रिल 2015 मध्ये खुल्या इंटरनेटच्या बाजूनेही दहा लाखांवर मेल गेल्या होत्या, त्याही बऱ्याचशा तयार मजकुराच्याच. फरक एवढाच की त्या मजकुरात ट्रायच्या तेव्हाच्या, वेगळ्या चर्चापत्रातल्या वीस प्रश्नांची उत्तरं होती.

बाकी नियमाचं थोडक्यात. आणीबाणीच्या सेवेला सवलत चालते. एखाद्या संकेतस्थळाचा मुद्दाम वेग मारायचा नाही, ते अडवायचं नाही, ही तत्त्वं सरकारने जुलै 2018 मध्ये मान्य केली. दर एकच, वेगातही दुजाभाव नाही, एवढं डोक्यात ठेवा.

जाता जाता: 28 दिवसांचा महिना हा प्रकार मला अजूनही पटत नाही. वर्षाला बारा महिने, रिचार्ज तेरा! 30 दिवसांचं निदान एक तरी पॅक ठेवा, असं ट्रायला 2022 मध्ये सांगावं लागलं. दुकानात मागा; आपणहून कोणी दाखवत नाही.

आता परत वेगाकडे. एखादंच ॲप रखडत असेल तर लगेच कंपनीला दोष देऊ नका. त्याच जागी, त्याच वेळी इतर ॲप बघा. सगळंच रखडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. एकच रखडत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तेच ॲप लावा. तिथेही रखडलं तर दोष बहुधा ॲपचा. तिथे नीट चाललं, आणि रोजच असं होत असेल, तर तारीख, वेळ, जागा लिहून 198 ला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रार क्रमांक! तो नसेल तर पुढचं अपील अडतं. निकाल पटला नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही.

ट्रायला मत मात्र जरूर कळवा. चर्चापत्रात प्रश्न आणि मेलचा पत्ता असतो. प्रश्नाचा क्रमांक टाका, खाली उत्तर, खाली कारण. मराठीत मुद्दे काढून ठेवा, मग टाइप करा. आलेली मतं ट्राय आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतील अशी लावतं, तेव्हा मजकुरात मोबाइल नंबर किंवा घरचा पत्ता घालू नका.

नमस्कार.