जुनी ट्रॅव्हलर घेऊन घर बनवायचंय? इंजिन नंतर बघा, आधी छतावर चढा

नमस्कार मंडळी! मागे उभी आहे ना, ती आमची ट्रॅव्हलर. 3350 व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत 3350 मिलीमीटर अंतर, आधी शाळेची बस होती, आता महिन्यातले दहा-बारा दिवस मी आणि बायको हिच्यातच राहतो. आणि जो भेटतो तो एकच विचारतो, दादा जुनी गाडी घेताना इंजिन कसं चेक करायचं. मी म्हणतो इंजिन बघायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी, आधी पत्रा बघा.

का ते सांगतो. इंजिन बिघडलं तर आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावात काम होतं, पैसे जातात, चार दिवस जातात, पण गाडी उभी राहते. पत्रा सडका निघाला आणि त्यावर तुम्ही थर्माकोल, प्लाय, कपाटं सगळं ठोकून बसलात तर मग घरच उचकटावं लागतं. माझ्या पहिल्या गाडीत हेच झालं. मे महिन्यात घेतली, कोकण पासिंग, नवा कोरा रंग, चकचकीत, आणि जुलैमध्ये आंबोलीला मुक्काम होता, रात्री दोन वाजता गादी ओली. आधी वाटलं खिडकीतून येतंय, ती टेप लावून बंद केली तरी येतंच होतं. घरी आल्यावर छताचं पॅनल काढलं तर पन्हळीच्या जोडावर नुसती लांबी, म्हणजे रंगाआधी भरतात ती पुट्टी, भरलेली, बोटानं दाबली तर तळहाताएवढं भोक पडलं. दोन महिने खपून केलेलं सुतारकाम सगळं काढलं आम्ही. तेव्हापासून मी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक घेऊन जातो. फडक्यात गुंडाळायचा म्हणजे रंगाला ओरखडा येत नाही, आणि दरवाज्याखालचा पट्टा, चाकावरची कमान, पन्हळ असं सगळीकडे फिरवायचा, जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे समजा.

मग छतावर चढा, खरंच चढा, खालून काही दिसत नाही. टूरिस्टच्या गाडीवर कॅरियर असतो, एसीचं युनिट असतं, त्या प्रत्येक बोल्टचं एक भोक आणि प्रत्येक भोकातून पाणी येऊ शकतं. आणि सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे मालकाला सांगून गाडी वॉशिंग सेंटरवर न्या, बाहेरून छतावर पाण्याचा फवारा मारायला लावा आणि तुम्ही आत टॉर्च घेऊन दहा मिनिटं बसा. जो मालक याला नाही म्हणतो त्याची गाडी मी बघतच नाही पुढे.

फ्लोअरची मॅट उचलायलाच लावा. सीटचे बोल्ट जिथे असतात तिथे पाणी मुरतं आणि तिथूनच सड सुरू होते, शाळेच्या गाडीत तर पोरांच्या पाण्याच्या बाटल्या रोज सांडतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा, आवाज बद्द आला की थांबा. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर जास्त लक्ष द्या, समुद्राकाठच्या गाड्यांना गंज लवकर लागतो आणि तो झाकायला हा रंग मारतात.

आता गाडी कुठली. ओम्नी 2019 ला बंद झाली, 796 सीसीचं इंजिन, एकट्याला रात्र काढायला छान, ईको थोडी बरी, पण दोन्हीत उभं राहता येत नाही आणि पावसाळ्यात चार दिवस वाकून काढले की कळतं ते काय असतं. टाटाची विंगर पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट खालून जात नाही आणि फ्लोअर खाली मिळतो, हायरूफ मिळाली तर घर म्हणून फार सोयीची. पण सामान मागच्या बाजूला जास्त झालं की पुढची चाकं हलकी पडतात, ओल्या कच्च्या चढावर ते जाणवतं. मी ट्रॅव्हलरवर आलो कारण गाडी आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची, 1987 पासून चालू, तेव्हा कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं म्हणून लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात, आणि पार्ट माहीत नाही असा मेकॅनिक मला अजून भेटला नाही. 3050, 3350, 3700, 4020 असे व्हीलबेस आहेत, मोठीचा मोह होतो, पण गावातल्या गल्लीत वळवून बघा आधी. आणि आत टेप घेऊन आडवं झोपून बघा. दोन्ही बाजूंनी थर्माकोल आणि प्लाय मिळून दीड-दोन इंच जातो, उंच माणसाचे पाय मग आडवे मावत नाहीत, पलंग लांबीतच घ्यावा लागतो.

आधी गाडी काय काम करत होती हेही विचारा. शाळेची गाडी किलोमीटर कमी, पण खिडक्याच खिडक्या, म्हणजे ऊन आणि गळती दोन्ही. कुरिअरची बंद बॉडी घराला उत्तम, पण ओझं वाहून पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसलेले असतात. ॲम्ब्युलन्सचे किलोमीटर बघून फसू नका, ती उभ्या जागी तासन्‌तास चालू असते.

ओझ्यावरून आठवलं, आरसी बुकवर दोन वजनं असतात, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, त्यातला फरक तेवढंच तुमचं घर. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, बारा एमएमचा आठ बाय चारचा एक प्लाय वीसेक किलो, दीडशे एएचची इन्व्हर्टरची बॅटरी पन्नासच्या वर. आणि तुम्ही माणसं अजून बसलाच नाहीत.

कागदांवर घाई करू नका प्लीज. पिवळी पाटी असेल तर पासिंग, म्हणजे आरटीओचं फिटनेस, कधीपर्यंत आहे, टॅक्स भरलाय का, चलन किती बाकी, सगळं बघा, आठ वर्षांच्या पुढच्या गाडीला पासिंग दरवर्षी लागतं. लोन फिटलं असेल तरी बँकेचं नाव आरसीवरून निघालंय का ते बघा, नाहीतर फॉर्म 35, म्हणजे कर्ज संपल्याचा आरटीओचा फॉर्म, त्यासाठी मालकाच्या मागे फिरावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरसीवर लिहिलंय त्याहून गाडी वेगळी होईल असा बदल मनानं करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. म्हणून टोकन द्यायच्या आधी आरसीचा फोटो आणि हातानं काढलेला नकाशा घेऊन तुमच्या आरटीओत जा, सीट काढायच्यात, पलंग बसवायचाय, या गाडीला परवानगी मिळेल का असं सरळ विचारा. आम्ही दोन गाड्या इथेच सोडल्या, त्यातली एक मनापासून आवडली होती.

हे सगळं जमलं की मग इंजिन. सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. बोनेटला हात लावा, गरम लागलं तर चहा प्या, गार होऊ द्या आणि मग स्टार्टर मारा. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढून बघा, आतून धूर भकभक मारत असेल तर हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिन उघडून अर्धं काम करायचा, खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

आता चला, कॅमेरा घेऊन आपण हिच्या छतावर चढू, कुठला जोड कसा बघायचा ते दाखवतो.