गेल्या वर्षीची फ्लूची लस यंदा का चालत नाही

नमस्कार श्रोतेहो. मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, यांपैकी काही मागे लागलेलं असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी. "गेल्या वर्षी घेतली ना लस, मग परत कशाला?" हे आपण हमखास विचारतो. त्याचं उत्तर १९४७ साली अमेरिकेत मिळालं.

मिशिगन विद्यापीठात टॉमस फ्रान्सिस हे फ्लूच्या लशीचे जाणकार. त्यांची लस १९४३ आणि १९४५ मध्ये लष्करी जवानांना उत्तम लागू पडली होती. त्यामुळे विद्यापीठातल्या दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना ती टोचली. साडेसात हजार तसेच राहिले. १९४७ च्या वसंतात साथ आली. न टोचलेले शंभरात आठ आजारी, टोचलेले शंभरात सात! म्हणजे फरक जवळपास नाहीच. लस नासकी होती का? नाही. टोचलेल्यांचं रक्त तपासलं तर लशीतल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिनं, भरपूर होती. पण साथीतला विषाणू रूप पालटून आला होता, त्याला ती ओळखेचनात. चोर वेश बदलून आला आणि राखणदार जुना फोटो घेऊन दारात उभा.

म्हणून आता जागतिक आरोग्य संघटना लशीतले विषाणू वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. आपण उत्तरेत, पण महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्याच्याच सुमारास. म्हणून एप्रिल-मेमध्ये दक्षिण गोलार्धाची, चालू वर्षाची लस मागा. खोक्यावर वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. पुन्हा सांगतो, नुसती एक्सपायरी नको, वर्ष वाचा. आणि नोंद कागदी फाइलीत ठेवा. मोबाइलमधला फोटो नेमका डॉक्टरांसमोर सापडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मोठ्यांना अर्धा मिली, दंडात. अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या सरीची वाट पाहू नका. मेडिकलमधून लस स्वतः नेत असाल तर ती दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये थंड ठेवा. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा: बारीक सुई, नंतर कापसाने दोन मिनिटं घट्ट दाबायचं, चोळायचं नाही. डायलिसिसवाल्यांनी फिस्चुलाचा (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला) हात सोडून दुसरा पुढे करावा. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूंची असते. दमेकऱ्यांनी आणि कर्करोगावरची केमोथेरपी चालू असलेल्यांनी सुईचीच घ्यावी. ती मारलेल्या विषाणूंची, तिने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. आज अंगात ताप असेल तर मात्र उतरल्यावर जा.