गांधीजींना संवाद देऊ नका

नमस्कार श्रोतेहो.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर ज्याला ठाऊक नाही असा बेळगावकर सापडणं कठीण. १९२४ च्या डिसेंबरात, २६ आणि २७ तारखेला, इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष महात्मा गांधी. काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं, आणि ते आपल्या गावात. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा डोलारा उभा केला. नगराला नाव दिलं विजयनगर, आणि तिथल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून जी विहीर खोदली तिला नाव दिलं पंपासरोवर. विहिरीचा खर्च ४,३७० रुपये ३ आणे.

यातल्या तीन आण्यांवर आम्ही एक श्रुतिका केली.

आम्ही म्हणजे कोण? दोन निवृत्त मास्तर, एक शिंपी, कॉलेजची चार-पाच मुलं आणि मुलांना दम देऊन वेळेवर आणणारी एक काकू. स्टुडिओ वगैरे काही नाही. मास्तरांच्या माळ्यावर वाकळा टांगतो, पंखा बंद करतो, मोबाइलवर रेकॉर्डिंग. वाकळ आवाज गिळते, त्यामुळे खोली घुमत नाही. एप्रिलात मात्र त्या वाकळांच्या आत बसून पाहा, म्हणजे कलेची किंमत कळेल.

हौशी मंडळी ऐतिहासिक श्रुतिका लिहायला बसली की थोर माणसाला आधी बोलायला लावतात. मागे तानपुरा, आवाजाला घुमारा, आणि महापुरुष पाठ्यपुस्तकातलं वाक्य म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे, गांधीजींना संवाद देऊ नका. त्यांची भाषणं छापलेली आहेत, हवी त्यानं वाचावीत. आमच्या श्रुतिकेत गांधीजी फक्त जवळून जातात. 'सरका, सरका' एवढंच ऐकू येतं, आणि पोहरा ओढणारी बाई दोर धरून तशीच थांबते.

नाटक आहे ते कारकुनाचं. त्याचा हिशेब रुपयांत जुळतो, पण वरचे तीन आणे कशाचे ते त्याला आठवत नाही. दोराचे? कप्पीला तेल घातलं त्याचे? की खोदणाऱ्यांना चहा पाजला त्याचे? तो एकेकाला विचारत फिरतो, आणि तो फिरतो म्हणून विहिरीभोवतीची माणसं आपल्याला भेटतात. कंत्राटदार कन्नडमध्ये ओरडतो, त्याला उत्तर मराठीत मिळतं, आणि दोघांचंही काही अडत नाही. कारकून, कंत्राटदार, चहा, सगळं आमच्या मनचं. रक्कम तेवढी खरी. म्हणून नाटक संपल्यावर दोन मिनिटं आम्ही ऐकणाऱ्यांना सांगतो, कागदातलं किती आणि आमच्या पदरचं किती. हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी भाषणात तो चहा इतिहास म्हणून सांगेल.

याच अधिवेशनात अकरा वर्षांची एक मुलगी गायली. पुढं ती गंगूबाई हनगल म्हणून देशभर गाजली. त्यांचा तो भारदस्त आवाज वापरावा असं मुलांचं म्हणणं होतं. पण अकरा वर्षांच्या पोरीचा आवाज तसा कसा असेल? दुसऱ्या मुलीकडून गाऊन घ्यावं तर तेही लबाडीचं. म्हणून गाणं ऐकवलंच नाही. पोहरा ओढणारी बाई शेजारणीला विचारते, 'कोण पोरगी गाऊलालीय गे ती?' बास.

आता कागदांविषयी थोडं. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडं होता, त्यानंतर म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळं जुन्या दप्तरासाठी एक वाट मुंबईला जाते, दुसरी बंगळूरला. त्यात शहापूर तर सांगली संस्थानात. आज शहापुरातून बेळगावात जाताना आपण फक्त सिग्नलला थांबतो, तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होतो. एवढं फिरायला सवड नसेल तर जवळचं बघा. वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, शाळेचं जनरल रजिस्टर, देवळाचा जत्रेचा जमाखर्च, आणि घरच्या पेटीतले मोडी कागद. १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियरही आहे. त्यात धंदे, बाजार, पिकं सगळं आहे. फक्त ते साहेबाच्या नजरेनं लिहिलंय, हे विसरू नका.

दुसरी श्रुतिका निपाणीची, आणि ती फार जड गेली. १९८१ साली निपाणीचे तंबाखू शेतकरी रास्त भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर बैलगाड्या घेऊन ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन उठवलं, गोळीबार झाला, शेतकरी मेले. हे कागदावरचं झालं. पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ती घरं अजून तिथंच आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाला काहीही बोलायला लावता येतं, तो तक्रार करायला येत नाही. इथं तसं चालत नाही. लिहिलेलं सगळं आधी गावात वाचून दाखवलं, जे नको म्हणाले ते काढलं. गोळीचा आवाज नाहीच. दुकानाच्या फळ्या भराभर लावल्याचा आवाज आहे, एकामागून एक, बाजारपेठभर.

सुरुवात मात्र वखारीतली. तिथं तंबाखू चाळायचं काम केलेल्या एका आक्कांना आम्ही चार वाक्यं वाचायला दिली. मास्तरांनी लिहिलेली होती, शुद्ध, नेटकी. आक्कांनी कागद लांब धरून वाचला आणि परत दिला. 'असं कोण बोलतंय गा? वखारीत बोलायला उसंत कुठली? नाकाला पदर, आणि नुसता ठसका. मी करून दावतो.' मग त्यांनी पदर नाकावरून घट्ट ओढून मागं खोचला, समोर सूप घेतलं आणि चाळायला लागल्या. सुपात आम्ही तंबाखू नाही, वाळलेला पाला ठेवला होता. तरी मध्येच त्यांना ठसका आला, तो नाटकातला की खरा, आम्हाला कळेना. मग त्या ठसक्याच्या आडून एक वाक्य, पुन्हा सूप, पुन्हा अर्धं वाक्य. मास्तरांची चार वाक्यं गेली आणि दीड वाक्य राहिलं. ते तसंच ठेवलंय.

आमच्याकडं काही सुधारक आहेत. ते म्हणतात, ही भाषा पुण्यात कळणार नाही. न कळो. बाई 'मी करून दावतो' म्हणते, ते इथल्या प्रत्येक घरात रोज ऐकू येतं. ते 'मी करून दाखवते' केलं तर निपाणीत ऐकणारा माणूस पहिल्या मिनिटाला दुसरं काहीतरी लावेल.

पुढची श्रुतिका प्लेगवर लिहायला घेतलीय. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढं आपल्याकडंही पोचला, आणि लोक घरं सोडून शिवारात झोपड्या घालून राहिले. कुणाच्या घरी त्या काळातली चोपडी, पत्र, पावती असेल तर रद्दीत घालू नका आणि लॅमिनेशनही करू नका, त्यानं जुना कागद कायमचा बिघडतो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइलवर फोटो काढा. कागद तुमच्याकडंच राहू दे, आम्हाला फोटो पुरे. शिवाय मोडी वाचणारं एक माणूस हवंय, कन्नड आणि मराठी दोन्ही घरच्यासारखी बोलणारी दोन मुलं हवीत, आणि जमलं तर शेतातली एखादी झोपडी, एका रात्रीपुरती, रेकॉर्डिंगसाठी. मालकानं कुत्रं मात्र त्या रात्री दुसरीकडं बांधावं.

नमस्कार.