रोबो चालतो कसा: ठोकळे, थ्रस्टर आणि गुरुत्वमध्य

रोबो बांधण्याच्या संगणकीय खेळात गॅरेजमध्ये, म्हणजे यंत्र जोडण्याच्या जागेत, उभा असलेला रोबो कितीही देखणा असला, तरी पुढे जाण्याची कळ दाबेपर्यंत त्याच्याबद्दल काहीच खात्रीने सांगता येत नाही. कळ दाबल्यावर एखादा रोबो सरळ धावतो, दुसरा नाक जमिनीत खुपसतो आणि तिसरा जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. या तिघांवरही तोच, तेवढ्याच ताकदीचा थ्रस्टर, म्हणजे यंत्राला ढकलणारे जेटसारखे इंजिन, असू शकतो. फरक असतो तो थ्रस्टर कोठे बसवला आहे याचा, आणि अशा खेळातील जवळजवळ सगळे कसब या एका प्रश्नाभोवती फिरते.

इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या फ्रीजॅम या कंपनीने जुलै 2014 मध्ये ‘रोबोक्राफ्ट’ हा खेळ अर्ली ॲक्सेस स्वरूपात, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळाडूंना खुला करून, आणला आणि ऑगस्ट 2017 मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. ठोकळ्याला ठोकळा जोडत यंत्र उभे करायचे, त्याला चाके, रणगाड्याचे पट्टे, जमिनीवर तरंगत ठेवणारे होव्हर, थ्रस्टर, पंख, हेलिकॉप्टरसारखे रोटर किंवा कीटकासारखे पाय लावायचे, शस्त्रे चढवायची आणि इतर खेळाडूंच्या यंत्रांशी लढायचे, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक भागाला ‘सीपीयू’ नावाची किंमत होती आणि एकूण सीपीयूला मर्यादा होती. त्यामुळे हवे ते आणि हवे तितके लावत सुटणे शक्यच नव्हते.

खेळाच्या दृष्टीने मात्र हा शेकडो ठोकळ्यांचा डोलारा एकच अखंड वस्तू असतो. भौतिकशास्त्रात जिला दृढ वस्तू म्हणतात, तशी. प्रत्येक ठोकळ्याचे वस्तुमान आणि त्याची जागा यांवरून संगणक संपूर्ण यंत्राचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, काढतो आणि पुढची सगळी गणिते त्या बिंदूच्या संदर्भात करतो. रोबोक्राफ्ट ज्या युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभारला गेला, त्यात ही गणिते ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा होतात. मूळ मांडणीत हे अंतर 0.02 सेकंद, म्हणजे सेकंदाला 50 वेळा, असे असते. दर वेळी विचारायचे प्रश्न दोनच: या क्षणी कोणकोणती बले लागू आहेत, आणि ती कोणत्या बिंदूंवर?

आता थ्रस्टरकडे वळू. समजा, एका उडत्या रोबोचे वस्तुमान 500 किलो आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला 2000 न्यूटन बलाचा एकच थ्रस्टर आहे. बलाची रेषा गुरुत्वमध्यातून जात असेल, तर रोबोला पुढच्या दिशेने 4 मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळते आणि विषय तिथेच संपतो. हाच थ्रस्टर गुरुत्वमध्यापेक्षा केवळ 20 सेंटिमीटर वर बसवला, तर त्याच बलातून 400 न्यूटन मीटरचे बलाघूर्णही, म्हणजे वळवणारा जोरही, तयार होतो आणि तो रोबोचे नाक खाली दाबतो. या आकाराच्या यंत्राचे जडत्व आघूर्ण (वळण्याला होणारा विरोध) 200 किलोग्रॅम मीटर वर्गाच्या आसपास धरले, तर पहिल्या एका सेकंदातच नाक सुमारे 57 अंश खाली वळते. वीस सेंटिमीटरची चूक आणि सेकंदाभरात कोसळण्याची तयारी! म्हणूनच अनुभवी खेळाडू थ्रस्टर जोडीने लावतात, एक गुरुत्वमध्याच्या वर आणि एक तितकाच खाली, म्हणजे दोघांची बलाघूर्णे एकमेकांना खोडून काढतात.

थ्रस्टरच्या याच वळवणाऱ्या जोराचा उपयोग वळण्यासाठी होतो. खेळाडूने डावीकडची कळ दाबली, की कोणता थ्रस्टर पेटवायचा हे यंत्राला कसे कळते? अशा नियंत्रणाची सरळ रीत अशी की प्रत्येक थ्रस्टरचे गुरुत्वमध्यापासूनचे अंतर आणि त्याच्या बलाची दिशा यांवरून त्याचे बलाघूर्ण काढायचे, ते रोबोला डावीकडे वळवणारे असेल तर तो पेटवायचा, उलट दिशेचे असेल तर बंद ठेवायचा. गुरुत्वमध्याला अगदी खेटून बसवलेला थ्रस्टर या कामी जवळपास निरुपयोगी ठरतो. दार बिजागरीपाशी ढकलून पाहिले की का, ते कळते.

मोठ्या यंत्रांची सुस्ती यातूनच येते. रोबोची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर वस्तुमान आठपट होते, पण जडत्व आघूर्ण बत्तीसपट होते. थ्रस्टर टोकाला नेऊन त्याचे गुरुत्वमध्यापासूनचे अंतर दुप्पट केले, तरी तेवढ्याच थ्रस्टरांनी मिळणारे वळण्याचे त्वरण एक सोळांश इतकेच उरते. अवाढव्य रोबो बांधण्याचा मोह प्रत्येक नव्या खेळाडूला होतो आणि हे गणित तो मोह फार काळ टिकू देत नाही.

चाकाची गोष्ट वेगळी आहे. पडद्यावर फिरताना दिसणारे चाक बहुतेक वेळा नुसता देखावा असतो. युनिटीतील चाकाची तयार यंत्रणा चाकाच्या मध्यापासून खाली एक अदृश्य किरण सोडते, जमीन किती अंतरावर लागली ते मोजते आणि त्या अंतरानुसार स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर यांचे बल गाडीवर लावते. चाकावर जितका भार, तितकी त्याची पकड, आणि वेग वाढवणे, थांबणे, वळणे ही तिन्ही कामे त्या एकाच पकडीतून भागवायची असतात. शस्त्रांचा मनोरा चढवून उंच केलेली गाडी वळणावर उलटते, त्याचा हिशेबही सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. येणारी संख्या घर्षण गुणांकापेक्षा, म्हणजे चाकाच्या पकडीच्या मापापेक्षा, लहान असेल तर गाडी घसरण्याआधी उलटते. निम्मी रुंदी 0.8 मीटर, उंची 1 मीटर आणि घर्षण गुणांक 1 असेल, तर उलटणे ठरलेलेच. गुरुत्वमध्य 0.6 मीटरवर आणला, की तीच गाडी उलटण्याऐवजी बाजूला सरकते. सरकलेली गाडी सावरता येते. चाके वर झालेल्या गाडीपुढे मात्र खेळाडूचे काही चालत नाही.

रणगाड्याचे पट्टे चाकासारखे तोंड वळवत नाहीत. एका बाजूचा पट्टा पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे फिरवून यंत्र जागच्या जागी वळते, आणि तसे वळताना पट्ट्याचा बराचसा भाग जमिनीवर आडवा घासला जातो. त्यामुळे पट्टे लांब आणि एकमेकांच्या जवळ असतील तर वळणे जड जाते, आखूड आणि दूर असतील तर हलके.

पायांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण या खेळांतील सर्वांत सुंदर बनवाबनवी तिथे आहे. भिंतीवर चढणारा कीटकपायांचा रोबो पाहताना प्रत्येक पाय जमीन चाचपत, वजन पेलत पुढे पडतो आहे असे वाटते. खऱ्या यंत्रमानवाला असे चालवणे हे अभियंत्यांसाठी आजही कष्टाचे काम आहे. खेळात बहुधा पायांच्या जागी किरण सोडून पृष्ठभाग शोधला जातो, शरीराला त्या पृष्ठभागापासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारे बल लावले जाते आणि नंतर, केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी, मांडी व नडगी यांच्यातील कोन त्रिकोणाच्या नियमाने काढून पाऊल योग्य जागी ठेवले जाते. पाय शरीराला चालवत नाहीत. पुढे सरकणाऱ्या शरीराबरोबर पाय जुळवून घेतात. माझ्या मते ही लबाडी क्षम्य आहे, कारण खरीखुरी चाल दाखवण्याच्या हट्टापायी हे रोबो पावलापावलावर अडखळले असते.

पंखांचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ही खऱ्या विमानातील गोष्ट आहे. उड्डाणाचे गणित प्रामाणिकपणे करणाऱ्या खेळात मंदावलेले विमान झपाट्याने आधार गमावते आणि पंखांच्या उचलीचा मध्य गुरुत्वमध्याच्या थोडा मागे ठेवावा लागतो.

स्वीडनमधील ॲक्सोलॉट गेम्सने जानेवारी 2016 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आणलेल्या ‘स्क्रॅप मेकॅनिक’ या खेळाने वेगळी वाट धरली. तिथे चाक थेट गाडीला लागत नाही; आधी बेअरिंग, म्हणजे फिरणारा सांधा, बसवायचे, त्यावर चाक चढवायचे आणि मग जोडणीच्या अवजाराने ते बेअरिंग इंजिनाला व चालकाच्या आसनाला जोडायचे. त्याच बेअरिंगवर चाकाऐवजी लाकडी ठोकळा लावला तर दार होते, सांध्याची हालचाल ठरवणारा कंट्रोलर जोडला तर रोबोचा गुडघा होतो. गाडी एकसंध न राहता सांध्यांनी बांधलेल्या अनेक वस्तूंची साखळी बनते. याची किंमत संगणकाला मोजावी लागते. सांधे जागेवर ठेवण्याचे समीकरण तो टप्प्याटप्प्याने, अंदाज सुधारत सोडवतो, आणि हलक्याशा भागावर अतिशय जड धड टाकले तर ते अंदाज पुरेसे जुळत नाहीत. अशा वेळी यंत्र थरथरू लागते. थरथरणाऱ्या, लांबलचक हातापायांच्या रोबोंमागे पुष्कळदा हेच कारण असते.

पुन्हा रोबोक्राफ्टकडे, आणि या वेळी लढाईत. तिथे गोळी लागली की ठोकळे खरोखरच निखळत. निखळलेल्या प्रत्येक ठोकळ्याबरोबर वस्तुमान कमी होई, गुरुत्वमध्य सरके आणि शिल्लक राहिलेल्या बलांचा तोल नव्याने ठरे. चार कोपऱ्यांवर चार होव्हर असलेला 400 किलोचा रोबो घ्या. होव्हर खालच्या जमिनीपासूनचे अंतर मोजून स्प्रिंगप्रमाणे वर ढकलतो, असे धरू. सगळे शाबूत असताना प्रत्येकावर 100 किलोचा भार असतो. आता पुढचा डावा होव्हर उडाला आणि रोबो तरीही सपाट राहायचा असेल, तर उरलेल्या तिघांत भार कसा वाटला जाईल? समान मुळीच नाही. गुरुत्वमध्य बरोबर मध्यभागी असल्याने तो उरलेल्या त्रिकोणाच्या आत न राहता थेट कर्णावर, म्हणजे त्रिकोणाच्या कडेवर येतो. पुढचा उजवा आणि मागचा डावा यांच्यावर प्रत्येकी 200 किलो येतात आणि मागच्या उजव्यावर शून्य. रोबो कडेवर तोललेला राहतो आणि पुढच्या डाव्या बाजूला जरासा जरी कलला, तरी त्याला सावरायला तिकडे काहीच नसते.

म्हणून कसलेले खेळाडू चौघांऐवजी सहा होव्हर लावत आणि जास्तीचे दोन दोन्ही बाजूंच्या मध्यभागी ठेवत. मग कोपऱ्यातला एक गेला तरी गुरुत्वमध्य आधारांच्या आतच राहतो. या दोन भागांचा सीपीयू कोठून आणायचा, एखादी तोफ काढून की चिलखत पातळ करून, हे ज्याचे त्याने गॅरेजमध्ये ठरवायचे असे.