पावसातला गोवा आणि गावात उतरणारा पैसा

नमस्कार श्रोतेहो. पर्यटनाचा वर्षाचा हिशेब म्हटला की आधी आकडा येतो, आणि आकडा मोठाच आहे. 2024 साली गोव्यात 1 कोटी 4 लाखांच्या आसपास पर्यटक आले, 2019 ला हेच 80 लाखांच्या घरात होते. परदेशी पाहुणे मात्र तेव्हाच्या जवळजवळ निम्मेच. मोपा विमानतळ जानेवारी 2023 ला सुरू झाला, ‘किनाऱ्यापलीकडचा गोवा’ म्हणून खात्यानं देवळं, रानं, गावं पुढे आणली, हे सगळं चांगलंच झालं. पण मला विचाराल तर किती लोक आले यापेक्षा पैसा कुठे उतरला ते बघा. पैसा गावात उतरला का, एवढंच बघा.

आता आमच्या माशेल गावची गोष्ट सांगतो. आषाढाचे दिवस, नागपूरचं एक कुटुंब कळंगुटला उतरलेलं, समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटा, पोरं दोन दिवस हॉटेलच्या खोलीत कंटाळून गेलेली. त्यांचा टॅक्सीवाला माशेलचा, तो म्हणाला चला आमच्याकडे, आज चिखलकालो आहे, चिखलात खेळायचा आमचा उत्सव. आषाढी एकादशीपासून देवकीकृष्णाच्या देवळात भजन चाललेलं असतं आणि द्वादशीला अंगाला तेल चोपडून सगळे मैदानात उतरतात, आपल्याला माहीतच आहे. तर आधी त्यांचा धाकटा उतरला, मग त्याला बाहेर काढायला म्हणून बाप गेला, इस्त्रीच्या शर्टात, आणि अर्ध्या तासानं तोच लोकांबरोबर आंधळी कोशिंबीर खेळताना दिसला! नागपूरची आजी कडेला उभी राहून विठ्ठल विठ्ठल म्हणत होती, डोळ्यांत पाणी. मग आमच्या शेजारच्या काकीनं सगळ्यांना घरी नेलं, भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातलं, गरम पाणी आंघोळीला दिलं, उकड्या तांदळाचा भात, वरण, तायखिळ्याची म्हणजे टाकळ्याची भाजी, सोलकढी वाढली. पैसे काही घेतले नाहीत, म्हणाली द्वादशीच्या दिवशी कसले पैसे.

पुढच्या वर्षी तेच लोक फोन करून आले, राहिले काकीच्याच माडीवर, आणि या खेपेला काकीनं रीतसर पैसे घेतले. टॅक्सी त्याच पोराची, मंगेशीला फुलं तिथल्याच बाईकडून, सकाळचा पाव पोदेराकडचा, म्हणजे गावच्या पाववाल्याकडचा, जाताना खाजें हा गोड खाऊ आणि आमसुलं गावच्या दुकानातून. एकाच घरचे पाहुणे, पण पैसा पाच घरांत गेला, आणि काकीनं त्यातून न्हाणीघर नवं बांधलं.

आणि जाता जाता, हॉटेलवाल्यांनी नाश्त्याला पातळ भाजी-पाव ठेवायलाच हवा, गोव्यात येऊन पाहुण्यानं रोज ब्रेड-बटर का खावं? तशीच संध्याकाळची बस. ती गावापर्यंत वेळेवर पोचली तरच टॅक्सी न परवडणारा पाहुणा आत येईल.

पाऊस म्हणजे ऑफ सीझन हे आता डोक्यातून काढूया. किनाऱ्यावरची शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्या, बंद असतात, तांबडी सुर्लाचं देऊळ बंद नसतं, हरवळ्याचा धबधबा तर तेव्हाच बघावा. ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी आहे त्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करून घ्या, पाहुणे ठेवायला ती लागतेच, आणि आषाढी यायच्या आधी करा.