फिजिओथेरपीची पदवी कर्ज काढून घ्यावी का? हप्त्याचा हिशेब

नमस्कार. नीटचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : एमबीबीएसला पुरतील एवढे गुण नाहीत, फिजिओथेरपीला प्रवेश मिळतो आहे, बँकही कर्ज द्यायला तयार आहे, मग अडले कुठे? अडते ते हप्त्याशी. पण हप्ता सुरू व्हायला पाच-साडेपाच वर्षे असल्यामुळे प्रवेशाच्या धांदलीत त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

आज तो हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी आपल्या महाविद्यालयाचे शुल्क आणि आपल्या बँकेचा व्याजदर घालावा.

समजा, शुल्क वर्षाला १ लाख २५ हजार, म्हणजे चार वर्षांचे ५ लाख, आणि व्याजदर १० टक्के. बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी आजवर ४ वर्षे आणि ६ महिन्यांची इंटर्नशिप अशी राहिली आहे. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर आणखी १ वर्ष सवलत असते. हप्ता या काळात थांबतो. व्याज मात्र थांबत नाही. पहिल्या वर्षी उचललेल्या सव्वा लाखावर साडेपाच वर्षांचे, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर साडेचार वर्षांचे, असे करत सरळव्याजच २ लाख होते. हप्ता बसतो तो ७ लाखांवर : १० वर्षांच्या मुदतीने दरमहा सुमारे ९,२५० रुपये.

(पडद्यावर : ५ लाख + २ लाख = ७ लाख)

नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप १ वर्षाची आहे. तो लागू असेल तर याच उदाहरणात व्याजाचे आणखी २५ हजार धरावेत.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी बँकेतल्या साहेबांनी "आत्ता काहीच भरायचं नाही, निवांत शिकू दे तिला" असे सांगितले आणि आम्ही सगळे खूश होऊन घरी आलो. पुढे खातेउतारा हातात आला, तेव्हा वडिलांनी व्याजाच्या रकमेभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पहिल्या वर्षी महिन्याला हजार-अकराशे रुपये व्याज भरणे आमच्या घराला अवघड नव्हते. चौथ्या वर्षापासून ते चार हजारांच्या पुढे जाते, हे खरे. पण ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना उसाचे बिल जमा झाले की वर्षाचे व्याज एकदम भरता येते. तसे केले तर हप्ता ५ लाखांवरच बसतो आणि दरमहा सुमारे ६,६०० रुपयांवर येतो.

आता मिळकत. राज्य परिषदेकडे नोंदणी झाल्यावर नव्या फिजिओथेरपिस्टला एखाद्या खाजगी रुग्णालयात समजा १८,००० रुपये पगार मिळाला. बहिणीच्या डायरीत पगाराच्या शेजारी दुसरा रकाना असायचा, 'व्हिजिट'चा : सकाळी सातला फुलेवाडीतल्या अर्धांगवायू झालेल्या आजोबांकडे, आठला राजारामपुरीत गुडघा बदललेल्या काकूंकडे, आणि खाली त्या दिवसाचे पेट्रोल. एका व्हिजिटचे ३०० रुपये धरले, तर दिवसाला दोन प्रमाणे २४ दिवसांचे १४,४०० होतात. कागदावर हे छान दिसते. पण काकू हिंडू-फिरू लागल्या की त्यांची व्हिजिट बंद होते, आणि ती व्हायलाच हवी. म्हणून मी हप्ता पगाराशीच ताडून पाहतो. व्हिजिटचे पैसे त्यात धरत नाही. १८,००० मधून ९,२५० गेले तर निम्मा पगार संपला, आणि पुण्यात नोकरी घेतली तर खोलीभाडे अजून बाकीच आहे. हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहत नसेल, तर एवढे कर्ज काढू नये, असे माझे मत आहे. मुदत १५ वर्षे केली तर ७ लाखांचा हप्ता सुमारे ७,५०० वर येतो खरा, पण एकूण परतफेड ११ लाखांवरून साडेतेरा लाखांवर जाते.

शैक्षणिक कर्जावरची करसवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ८० ई) पुष्कळ जण सांगतात. जुन्या करप्रणालीतच, आणि फक्त व्याजावर, ती मिळते. १८,००० पगारावर मुळात करच बसत नाही, तेव्हा ती या हिशेबात धरू नये.

खरी बचत प्रवेश घेतानाच होते. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आलेल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी गटातल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या माफीचा पूर्ण लाभ आहे. अभिमत विद्यापीठात आणि व्यवस्थापन कोट्यात तो मिळत नाही. घराजवळचे अभिमत महाविद्यालय की केंद्रीभूत फेरीतले लांबचे, असा प्रश्न पडला, तर वसतिगृह आणि मेस यांचा खर्च धरूनही लांबचे स्वस्त पडते का, हे कागदावर मांडून पाहावे. आमच्या घरी कोणी ते मांडले नाही. बसने जाता येईल एवढेच पाहिले.

एमपीटीएच या पदव्युत्तर पदवीचे आणखी २ वर्षांचे कर्ज हा वेगळा निर्णय आहे आणि तो पदवीच्या कर्जाला आत्ताच जोडू नये. बहिणीने तो पुढे ढकलला आहे. तिच्या डायरीत सध्या सकाळच्या तीन व्हिजिट आहेत, आणि चौथीसाठी उजळाईवाडीहून फोन आला होता. पेट्रोल परवडेना म्हणून तिने नाही म्हटले.